निर्मळचं पाणी

खरं तर यातलं काहीच मी सांगायचं नाहीये. म्हणजे मला तशी सक्त ताकीद आहे. आत्याने बजावलंय, बाबांनी बजावलंय, इनासकाकांनी बजावलंय आणि इंजिनियर साहेबांनी तर दोनदा! प्रत्येकाने आपापल्या गोष्टीपुरतं बजावलं, त्यामुळे झालं असं की सगळ्यांचं सगळं माझ्याकडेच जमा झालं.

याला कारण माझा स्वभाव. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर होत नाही. आणि जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नसावं, अशी मोठ्या माणसांची समजूत असते. आमच्या पडवीत पाणी कमिटीची मीटिंग भरायची तेव्हा मी कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेली असायचे. साहेबांचा निळा नकाशा कमिटीत कुणालाच कळेना, म्हणून तो मोठ्या कार्डबोर्डवर रंगीत करून काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली होती, एवढंच माझं भांडवल.

साहेब सांगायचे, गाळाच्या टाकीत पाणी स्वस्थ उभं राहू दिलं की गढूळपणा आपोआप तळाशी बसतो. किश्शांचंही तसंच आहे. जो माणूस स्वस्थ बसतो, त्याच्या तळाशी ते साचतात!

आमचं गाव निर्मळच्या अलीकडे. गाव म्हणजे दोन आळ्या. देवळाजवळची आमची देऊळआळी आणि क्रुसाजवळची क्रूसआळी. मधे केळीच्या आणि फुलांच्या वाड्या. दोन्ही आळ्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर वेगवेगळी, पण दोन्ही एकदमच खारट झाल्या. विहिरींनी भेदभाव केला नाही! डाळ शिजेना, चहात दूध घातलं की फाटायला लागलं. तेव्हापासून पाणी आणायचं ते निर्मळच्या विहिरीवरून, डोक्यावर हंडा घेऊन.

गेल्या वर्षी बांधावर पाय घसरून आईची कंबर दुखावली आणि तिचा हंडा माझ्या डोक्यावर आला. शाळेतला पहिला तास बुडायला लागला, मग दुसरा. बाबांनी एक दिवस जेवताना सांगून टाकलं, "मेपर्यंत नळ आला तर दहावी. नाही आला तर पाणी."

त्यामुळे बाकीचे लोक मीटिंगला गंमत म्हणून यायचे. मी मात्र जीव मुठीत धरून बसायचे.

* * *

साहेब पहिल्यांदा आले तो दिवस. आडनाव सबनीस. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेने पाठवलेले. इतके तरुण आणि इतके हळू बोलणारे, की आत्याने आतून विचारलं, "याचे वडील कधी येणार?"

पडवीत सगळे जमले होते. बाबा कमिटीचे प्रमुख. क्रूसआळीचे म्हणून इनासकाका. ते जहाजावर बरीच वर्षं नोकरी करून आलेले, आता वाडी करतात.

साहेबांनी विचारलं, "विहिरी खाऱ्या कधी झाल्या?"

"तीनेक वर्षं झाली असतील," बाबा म्हणाले.

"आणि वाड्यांमध्ये विजेचे पंप कधी बसले?"

तेवढ्यात लांब कुणाच्या तरी वाडीत पंप सुरू झाला. त्याची घरघर सगळ्यांना ऐकू येत होती आणि सगळे ती ऐकू येत नसल्यासारखे बसले होते.

साहेबांनी समजावलं. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. आपण गोडं भराभर ओढून घेतलं की खाली दबलेलं खारं वर येतं. म्हणजे समुद्र आत आला नव्हता. आम्हीच त्याला बोलावून आणलं होतं!

मी हातातला ब्रश खाली ठेवला. बाबा माझ्याकडे वळले. "कुंदे, चहा आण."

"साहेब, चहात साखर किती घालू सांगा," इनासकाका म्हणाले. "मीठ आम्ही आधीच घालून ठेवलंय!"

साहेब गेल्यावर बाबा मला म्हणाले, "हे पंपाचं आळीत बोलायचं नाही." आणि उठून वाडीत गेले. थोड्या वेळाने आमचा पंप सुरू झाला! मी दारात उभी राहून तो आवाज ऐकतच राहिले.

* * *

आमच्याकडे वाडीत बावखल असतं. म्हणजे पावसाचं गोडं पाणी साठून राहतं ते तळं. ते पाणी शिंपायला, भांडी घासायला. पिण्यासाठी नाही. साहेब म्हणाले, हेच पाणी गाळून स्वच्छ करू. फक्त प्लांट उंचावर हवा, म्हणजे पुढे पाणी आपल्या वजनानेच उतरत जाईल. वीज नको, पंप नको.

पंप नको म्हटल्यावर सगळ्यांना एकदम बरं वाटलं.

उंचावर म्हणजे अर्थात देऊळआळीत. त्यात कुणाला शंकाच नव्हती. देवाची जागा उंच असते, हे लहान मुलालाही माहीत होतं. आमचं बावखल नक्की झालं, मी ते चित्रात निळं रंगवूनही टाकलं.

मग साहेबांनी एक लांबलचक पारदर्शक नळी काढली. तिच्यात पाणी भरलं, एक टोक देवळापाशी बाबांच्या हातात दिलं, दुसरं क्रुसामागच्या टेपाडावर इनासकाकांच्या हातात. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहतं, त्यावरून जमीन कुठे किती उंच ते कळतं. आणि कळलं ते असं की क्रूसआळीचं टेपाड आमच्या देवळापेक्षा चांगलं कमरेइतकं उंच!

"नळी उलटी धरलीय," बाबा म्हणाले.

टोकांची अदलाबदल झाली. जमीन तशीच.

"नळीच खराब आहे."

साहेबांनी पिशवीतून दुसरी नळी काढली. पुन्हा तेच. जन्मभर आम्ही खाली राहत होतो आणि कुणालाच पत्ता नव्हता! देवळाच्या पायरीवर बसलेले दोन म्हातारे उठून उभे राहिले, जणू पाणी चढतच होतं.

इनासकाका टेपाडावरून उतरून आले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, घाबरू नका. आम्ही कुणाला सांगणार नाही."

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटेपर्यंत अख्ख्या पंचक्रोशीत पसरलं होतं.

म्हणजे बावखल इनासकाकांचं ठरलं. त्या संध्याकाळी पडवीत कमिटी बसली. क्रूसआळीचं पाणी प्यायचं कसं, हाच विचार देऊळआळीतले सगळे करत होते. शेवटी आतून आत्याचा आवाज आला. यमूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच. तिच्या पाण्याच्या तांब्याला घरात आम्हीही हात लावत नाही.

"त्या आळीचं पाणी मी पिणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. मागाहून कुणी म्हणायचं नाही."

मी रंगवलेलं निळं बावखल खोडून काढायला घेतलं.

* * *

एके दुपारी साहेब इनासकाकांच्या बावखलातलं पाणी बाटलीत घ्यायला गेले. काठावर वाकले, पाण्यात एक काळा दगड होता त्याचा आधार घेतला. दगडाने फुस्स करून श्वास सोडला!

तो दगड नव्हता. ते जॉनीचं नाकाड होतं. जॉनी म्हणजे इनासकाकांचा रेडा. पूर्वी रहाट ओढायचा. पंप आले आणि तो रिटायर झाला. तेव्हापासून दुपारभर नाकापर्यंत पाण्यात बसून असायचा.

साहेब चष्म्यासकट पाण्यात गेले. मी नकाशा दाखवायला तिथे आले होते. बाहेर निघाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य मला उद्देशून होतं. "हे मुंबईला कळता कामा नये." दुसरं इनासकाकांना. "या पाण्यात यापुढे जनावर चालणार नाही."

इनासकाकांच्या चेहऱ्यावरून वाटलं, साहेबांनी त्यांनाच घराबाहेर काढलंय. "साहेब, ते बावखल त्याचं आहे. मी आपला काठावर राहतो!"

शेवटी तोडगा निघाला. बावखलातलं पाणी टेपाडावरच्या पहिल्या टाकीत चढवायचं होतंच. जुना रहाट दुरुस्त केला आणि जॉनीला पुन्हा कामावर घेतलं. आंघोळ गेली, नोकरी लागली!

पण फेरा मारताना पाणी दिसलं की जॉनी तिकडेच वळायचा. म्हणून डोळ्यांना झापड बांधायची ठरली. इनासकाकांची बायको मारीकाकी आत गेली आणि काकांचा लग्नातला काळा कोट घेऊन आली. कात्री लावलीसुद्धा!

"अगो, माझा कोट!" काका ओरडले.

"हाच कोट बघून मी हो म्हटलं होतं," मारीकाकी म्हणाली. "माझ्या डोळ्यांवर बांधून झाला, आता त्याच्या डोळ्यांवर बांधते!"

पुढे एका रविवारी मी त्या वाटेने जात होते. रहाट बंद. आणि पाण्यात काळा दगड! इनासकाका काठावर बसून त्याची पाठ घासत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "पोरी, कुणाला बोलू नको. रविवार सगळ्यांचाच असतो."

* * *

आता बाबांचा किस्सा.

टाक्या बांधून झाल्या. गाळाच्या टाकीतून पाणी वाळूच्या टाकीत यायचं होतं आणि वाळूतून झिरपत खाली जाताना स्वच्छ व्हायचं होतं. साहेब मुंबईला जाताना एवढंच म्हणाले, "बारीक वाळू लागेल. तिची चौकशी करून ठेवा."

बाबांनी चौकशी केली नाही, वाळूच आणली. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून, बैलगाड्या भरभरून. साहेब परत येईपर्यंत टाकी भरून वर सपाट करून ठेवली होती. बाबांचा चेहरा असा, जणू वाळू त्यांनीच तयार केली.

साहेब आले त्याच दिवशी पहिलं पाणी सोडलं. आम्ही सगळे खाली वाकून बघत होतो. वरून गढूळ गेलेलं पाणी खालून काचेसारखं बाहेर आलं! मला दहावीचा वर्गच दिसायला लागला.

इनासकाकांनी ओंजळ भरली, तोंडात घेतली, आणि शेजारच्या केळीच्या बुंध्यावर थुंकून टाकली.

"भाऊ," ते म्हणाले, "यात बोंबील खारवता येतील!"

खाऱ्या विहिरींमुळे प्लांट बांधला आणि प्लांटमध्ये आणून भरला अख्खा समुद्रकिनारा! सगळी वाळू उपसावी लागली, ट्रकने नदीची आणावी लागली. त्यात दिवस गेले. मी कॅलेंडरकडे बघायचं सोडून दिलं.

* * *

पण खरा धक्का मेमध्ये बसला.

नदीच्या वाळूतून पाणी गोडं यायला लागलं होतं. वाळूवर हळूहळू हिरवट, बुळबुळीत थर धरला. साहेब त्या थरावर इतके खूश की बघत राहायचे. कमिटीला बोलावून त्यांनी सांगितलं, "ही साय समजा. दुधावर धरते तशी. हिच्यातले बारीक जीव पाण्यातले रोगजंतू खातात. हिला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या शनिवारी मी बाटल्या घेऊन येतो, पाणी तपासायला नेतो."

कमिटीतल्या सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. घरी जाऊन बायकांना सांगायचं मात्र एकालाही सुचलं नाही!

शुक्रवारी मी निर्मळहून हंडा घेऊन येत होते. टाकीपाशी खरवडल्याचा आवाज आला म्हणून पायऱ्या चढून बघितलं. पाणी काढून टाकलेलं. वाळूवर एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मारीकाकी. दोघींचे पदर खोचलेले, हातात करवंटी आणि काथ्या. मधे वाळूत सरळ रेघ मारलेली! रेघेच्या इकडचं आत्या घासणार, तिकडचं मारीकाकी. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या, पण एकीने हात भरभर चालवला की दुसरीचा आणखी भरभर चालायचा. हिरवा थर बाहेर उकिरड्यावर. वाळू धुऊन रांगोळीसारखी पांढरी.

माझ्या डोक्यावरचा हंडा कलंडला आणि निर्मळचं पाणी माझ्याच अंगावर सांडलं.

"वेंधळी कुठली!" आत्या म्हणाली. "उद्या साहेब तपासायला येणार, आणि ही एवढी घाण! लाज नाही वाटत यांना?" ज्या पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असं ती म्हणाली होती, त्याची टाकीसुद्धा तिला घाणेरडी बघवेना!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. टाकीत डोकावले. मग चष्मा काढून टाकीच्या काठावर बसले. चिमूटभर पांढरी वाळू उचलून बघितली. मग हळूच विचारलं, "कुणी केलं?"

दोन्ही आळ्या जमल्या होत्या. आत्या सगळ्यांच्या पुढे उभी होती. तिचा रंग उतरला होता.

"मी," मारीकाकी म्हणाली. "एकटीने. मला ठाऊक नव्हतं."

आत्याने तोंड उघडलं. आणि मिटलं.

साहेब म्हणाले, साय पुन्हा धरायला महिना तरी जाईल. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. इनासकाका सगळ्यांसमोर बायकोवर असे ओरडले की मला रडू आलं. मारीकाकी मात्र खाली बघून नखातली वाळू काढत राहिली.

घरी येताना आत्याने माझा दंड धरला. "काल बघितलंस ते कुणाला सांगशील तर बघ!"

मी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आत्या टाकीच्या काठावर! डोक्यावर छत्री, हातात काठी. कावळा आला, हाकल. पोरं आली, हाकल. नांदायला आलेली एक नवी सून पान काढून टाकायला वाकली, तर आत्या अशी कडाडली की ती बिचारी दचकून मागेच सरली.

"घाणीला हात लावाल तर याद राखा!"

* * *

शाळा सुरू व्हायच्या जरा आधी रिपोर्ट आला. पाणी पिण्यालायक! नळ दोन्ही आळ्यांच्या मधोमध. उतार कमी पडत होता म्हणून तो खड्ड्यात बसवलाय. पायऱ्या उतरून खाली जायचं, चारी बाजूंनी केळी. वरून बघितलं तर खाली कोण आहे ते दिसत नाही. हे मुद्दाम सांगितलं, पुढे लागणार आहे.

साहेबांनी नळ सोडला, पेला भरून स्वतः प्यायले. कुणावर काही परिणाम झाला नाही. त्यांचं काय, ते संध्याकाळी मुंबईला जाणार! मग इनासकाका प्यायले. त्यांच्याच बावखलाचं पाणी, त्यात नवल ते काय. मग दुसरा पेला साहेबांनी भरला आणि देऊळआळीपुढे धरला.

कुणी पुढे होईना. बाबांनी मागे बघितलं. मागच्याने त्याच्या मागे बघितलं. सगळ्यांत मागे देवळाचे पुजारी होते, त्यांनी आकाशाकडे बघितलं.

मारीकाकी म्हणाली, "आमच्या वाडीतली फुलं तुमच्या देवाला चालतात. आणि पाणी तुम्हालाच चालत नाही? देवापेक्षा मोठे झालात काय?"

सगळ्यांची तोंडं आत्याकडे वळली. आत्या प्यायली असती तर आळी प्यायली असती.

आत्याने मारीकाकीकडे बघितलं. मग म्हणाली, "मी बोलले ते बोलले," आणि घराकडे चालू लागली. तिच्यामागून एकेक करून अख्खी देऊळआळी.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "नळ आला. पण आपल्याकडे नाही आला." आईने भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे काय ते मला कळलं. पुढच्या आठवड्यात शाळा सुरू होणार होती, आणि मी निर्मळच्या वाटेवर असणार होते.

* * *

दुसऱ्या दिवशी नुकतं उजाडताना मी रिकामा हंडा घेऊन निघाले. नळाच्या खड्ड्यावरून जाताना खालून बोलण्याचा आवाज आला. केळीची पानं बाजूला करून बघितलं.

खालच्या पायरीवर आत्या आणि मारीकाकी. शेजारी शेजारी. मधे रेघ नाही! मारीकाकीच्या हातात आत्याचा तांब्या. ज्याला आम्ही घरात हात लावत नाही तो. ती त्याला तोंड लावून पाणी प्यायली आणि तांब्या आत्याला दिला. आत्याने तो ना विसळला, ना धुतला. उरलेलं पाणी पिऊन टाकलं!

माझ्या हातून हंडा सुटला आणि गडगडत पायऱ्या उतरून थेट आत्याच्या पायाशी जाऊन थांबला.

आत्याने वर बघितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ती म्हणाली, "हा रिकामा घेऊन कुठे चालली होतीस?"

"निर्मळला."

"भर इथेच. घरी सांग, निर्मळचं आहे." आणि मी पहिली पायरी उतरते न उतरते तोच, "आणि लगेच घरी जाऊ नकोस! निर्मळला जाऊन यायला लागतो तेवढा वेळ इथेच बस. पुस्तक आणत जा."

मारीकाकी पदर तोंडाला लावून हसत होती.

शाळा सुरू झाली. आत्याने बाबांना सांगितलं, "पाणी भरूनही वेळेवर शाळेला जाते की पोर. कशाला काढतोस?" बाबांनी माझं नाव शाळेत राहू दिलं. मी रोज पुस्तक घेऊन खड्ड्यात. पण पहिल्या आठवड्यातच शेजारची शैला पायऱ्या उतरून आली. हातात हंडा, काखेत भूगोल! आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तिला तिच्या आजीने पाठवलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हणून. मग तिच्यामागून पुजाऱ्यांची सुधा आली. तिलाही सांगायला बंदी होती!

आता पायऱ्यांवर बसायला जागा पुरत नाही. घरोघरी निर्मळचं पाणी! बाबा जेवताना पेला वर करून म्हणतात, "काही म्हणा, निर्मळच्या पाण्याला तोड नाही." आणि आत्या म्हणते, "नाहीच मुळी."

* * *

आता शेवटचा. हा परवाचाच आहे आणि सगळ्यांत भारी आहे.

साहेब आले ते गोंधळलेले. पडवीत बसून म्हणाले, "माझं गणित जुळत नाहीये. साठवणीची टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी होते. एकटी क्रूसआळी एवढं पाणी पिऊच शकत नाही. मग जातं कुठे?"

"गळती," बाबा म्हणाले. "दुसरं काय!"

कमिटी जमली. एवढी गळती असेल तर पाइप खणून बघू, आणि नाहीच सापडली तर प्लांट बंद करून टाकू, असं ठरायला लागलं. तसाही देऊळआळीला त्याचा काय उपयोग, असं बाबाच म्हणाले! प्लांट बंद म्हणजे खरोखरीचं निर्मळ. म्हणजे पहिला तास गेला, मग दुसरा. मी दाराआड बघितलं, तर आत्या तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले होते.

दोन दिवस खणत होते. टाकीपासून नळापर्यंत नुसते मातीचे ढीग. प्रत्येक घरातला पुरुष फावडं घेऊन आला होता आणि प्रत्येक घरातली म्हातारी दारात उभी राहून बघत होती. एकीच्याही तोंडातून शब्द नाही! पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत. कुठे थेंबभर ओल नाही.

शेवटी साहेब घामाघूम होऊन पडवीत आले. "आत्या, जरा पाणी मिळेल?"

आत्याने मला डोळ्यांनी खूण केली. मी माठातून पेला भरून दिला.

साहेबांनी एक घोट घेतला. आणि थांबले. पेल्यात बघितलं. पुन्हा एक छोटा घोट घेतला आणि तो जिभेवर घोळवला. गेले कित्येक महिने दर आठवड्याला ते पाणी चाखणारा माणूस तो! नव्या सिमेंटची ती किंचित चव आम्हाला कळत नसेल, पण त्यांना?

"हे पाणी कुठलं?"

"निर्मळचं," आत्या म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवून.

साहेबांनी आत्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग शेजारच्या ओट्यावर शैलाच्या आजीकडे, तिच्यापलीकडे पुजाऱ्यांच्या दाराकडे. तिथल्या सगळ्या म्हाताऱ्या एकाच वेळी दुसरीकडे बघायला लागल्या.

"छान आहे," साहेब म्हणाले. "आणखी एक पेला द्या." तो त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस." आणि बाहेर जाऊन जोरात ओरडले, "गळती सापडली! बुजवा ते चर!"

बाबा फावडं टाकून धावत आले. अंगभर माती. "सापडली? कुठे होती?"

साहेबांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, आणि बाबांना म्हणाले, की

आले गं आत्या! आले, हंडा घेतलाय हातात. हो, निर्मळलाच चाललेय, बाबांना सांग. पुस्तकही घेतलंय, फक्त हे एक वाक्य तेवढं लिहून